दयेचा कच्चा खर्डा

बाजारपेठेतल्या बेवारस मांजरांना रोज घासभर घालणारी माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांची मिळकत बेताची असते आणि मांजरांची संख्या मात्र वाढत राहते. अशा वेळी हातातला रुपया आधी कशावर खर्च करायचा, याचा हा विचार.

खर्डा म्हटले की इतिहासाच्या पुस्तकातून गेलेल्या कोणालाही ११ मार्च १७९५ची लढाई आठवते. निजामाला किल्ल्यात कोंडून, त्याचे दाणापाणी तोडून मराठ्यांनी त्याला तहाला भाग पाडले, ते हे जामखेड तालुक्यातले गाव. जेवणाऱ्याला खर्डा म्हटले की हिरव्या मिरचीचा खर्डा आठवतो. आणि जुन्या पेढीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला आठवतो तो कच्चा खर्डा, म्हणजे वहीत पक्की नोंद करण्याआधी आकडेमोड करण्याचा कागद. या लेखाला तो तिसरा खर्डा हवा आहे. कारण विषय दयेचा आहे आणि दयेचा हिशेब मांडण्याची आपल्याला सवय नाही.

विषय तसा किरकोळ वाटेल: बाजारातली मांजरे. कोणाच्या घरची नाहीत, कोणाच्या हाताला येत नाहीत, दुकानांच्या फळ्यांखाली, पडक्या वाड्यांत, खाटकाच्या टपरीमागे राहतात, अशी मांजरे. पण ज्या घरातून त्यांच्यासाठी रोज एक वाटी बाहेर जाते, त्या घरात या विषयावरून किती भांडणे होतात हे ज्याचे त्याला ठाऊक. सून म्हणते, महागाई काय आहे बघा. शेजारी म्हणतो, दारात घाण होते. आणि वाटी घेऊन जाणारी व्यक्ती, मग ती शिवणकाम करणारी मावशी असो की पेन्शनीत निघालेले गुरुजी, मान खाली घालून आपले काम करत राहते.

ही मांजरे बाजारात आली कोठून, हे आधी पाहू. मांजर माणसाजवळ आले ते धान्याच्या वासाने, म्हणजे धान्यावर येणाऱ्या उंदरांच्या वासाने. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले. संशोधकांनी ते २००४मध्ये जगापुढे मांडले. शेती सुरू झाली, कणग्या भरल्या, उंदीर आले, त्यामागून मांजर आले. खर्डा हे तर जुने धान्यपेठेचे गाव. ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये येथल्या पाचशेहून अधिक व्यापारी, दुकानदार आणि सावकारांची व त्यांच्या धान्यव्यापाराची नोंद आहे. जेथे ज्वारीची पोती आणि पेवे, तेथे उंदीर. जेथे उंदीर, तेथे मांजर. बाजारातले मांजर उपरे नाही. भुसार दुकान जितके जुने तितके तेही जुने.

उंदीर माजले की काय होते, हे या भागाला कोणी वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. त्या धक्क्यांच्या भीतीने शेजारच्या बीड जिल्ह्यातही माणसे घरे सोडून बाहेर राहू लागली. धान्य घरात राहिले आणि उंदरांचे फावले. ऑगस्ट १९९४मध्ये त्याच जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. मांजर म्हणजे प्लेगवरचा उतारा असे कोणी समजू नये. प्लेग मांजरालाही होतो. पण धान्य, उंदीर, मांजर आणि माणूस ही एकाच साखळीची कडी आहेत, एवढे त्यातून ध्यानात यावे. ‘उपाशी ठेवले तर जास्त उंदीर मारील’ हा दुकानदारांचा लाडका सिद्धान्तही खरा नाही. पोट भरलेले मांजरही शिकार करते. तो त्याचा स्वभावच आहे. उपाशी मांजर फक्त लवकर आजारी पडते आणि उघड्या पातेल्याकडे वळते.

आपल्या परंपरेने मांजराला काय दिले? पितृपक्षात गाईला घास, कावळ्याला पान, कुत्र्याला तुकडा, मुंग्यांनाही वाटा. पंचबलीच्या त्या पानांत मांजराचे पान मात्र नाही. नामदेवांची गोष्ट सांगताना भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारा संत आपण डोळ्यांपुढे आणतो. मांजरामागे दुधाचे भांडे घेऊन धावणारा कोणी नाही. मांजराच्या वाट्याला आल्या म्हणी. डोळे मिटून दूध पिणारे, शिंके तुटण्याची वाट पाहणारे, आडवे जाऊन काम बिघडवणारे. वाघाची मावशी म्हणून नाते जोडले, पण पंक्तीला बसवले नाही. जे परंपरेने दिले नाही ते बाजारातल्या चार-दोन माणसांनी आपल्या खिशातून द्यायचे ठरवले आहे. त्यांची चेष्टा करण्याआधी एवढे लक्षात घ्यावे.

आता हिशेब. सुरुवात नेहमी एका भाटीपासून होते. दोन घास टाकले, ती रोज येऊ लागली. मग तिची पिल्ले, मग वास काढत आलेला बोका. वर्षभरात आठ तोंडे होतात. समजा या आठांवर रोज ४० रुपये जातात. महिन्याला १२०० आणि वर्षाला १४,६०० रुपये. पगारदाराला हा आकडा छोटा वाटेल. शिलाईच्या मशीनवर घर चालवणारीला तो मुलाच्या शिकवणीइतका आहे. म्हणून पहिला नियम असा की रक्कम आधी ठरवावी आणि मांजरांचे जेवण त्या रकमेत बसवावे. भांड्यातले संपले की त्या दिवसाचे संपले. घरच्या लेकराच्या ताटातले अंडे उचलून बाहेर नेले तर घर त्या वाटीचा तिरस्कार करू लागते, आणि मग ती वाटी फार दिवस टिकत नाही.

मांजराला घालायचे काय? आपली समजूत दूध-भाकरीची. पण मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, ढाळ लागते. आणि नुसत्या भाकरीवर मांजर जगत नाही. कुत्र्याचे एक वेळ भागेल, मांजराचे नाही. ते मांसाहारावरच तगणारे जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला लागते, ते धान्यात मिळत नाही. ते कमी पडले की मांजराची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. म्हणजे पाच रुपयांचे दूध हा स्वस्त उपाय वाटतो, पण खरे तर तो वाया गेलेला पैसा असतो.

स्वस्त आणि उपयोगी वस्तू कोंबडीच्या दुकानात असते. गिऱ्हाईक जे घेत नाही ते, म्हणजे मान, काळीज, पेटा, कातडीचे तुकडे. रोजचे गिऱ्हाईक असले की दुकानदार कमी पैशात देतो, कधी तसेच देतो. तीन-चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० उष्मांक लागतात. आठ मांजरांचे कमीत कमी १६०० झाले. त्यातले निम्मे ती स्वतः मिळवतात असे धरले तर आपल्याला ८०० उष्मांकांची सोय करायची. चारशे ग्रॅम शिजवलेल्या मांसात साधारण ६०० येतात आणि दीडशे ग्रॅम भातात उरलेले २००. मांस शिजवलेले पाणी फेकू नये, भात त्यातच कालवावा. टॉरिन पाण्यात उतरते आणि पाण्याबरोबर जाते. शिजलेले हाड टोकदार तुटते आणि घशात अडकते, म्हणून मानेचे मांस हाडावरून सोडवून घालावे. यकृत रोज-रोज भरपूर घालू नये. त्यातले अ जीवनसत्त्व साठून सांधे धरतात. आठवडी बाजारातली सुकट चालते, पण ती भिजवून, मीठ धुऊन.

ज्या घरात मांस-मच्छी शिजत नाही तेथे काय करावे, हा बाजारपेठेतला खरा प्रश्न आहे, कारण पेठेतली कित्येक घरे शाकाहारी. घरच्या चुलीचा नियम मोडायची गरज नाही. शेजारच्या घरी शिजवून घेता येते, खर्च एकाने आणि हात दुसऱ्याने लावता येतो. आणि एक गोष्ट मात्र कोणत्याही घरातून बाहेर जाऊ नये, ती म्हणजे उरलेली कालवणे. आपल्या नगरी रश्श्यात कांदा-लसणाशिवाय पान हलत नाही, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला विषासमान. तसेच तापाची पॅरासिटामॉलची गोळी. मांजर आजारी दिसले म्हणून दयेपोटी दिलेली एक गोळीही त्याचा जीव घेते.

आता शेजाऱ्याची बाजू. ती खोटी नाही. उघड्यावर पडलेल्या अन्नावर माश्या बसतात, उंदीर-घुशी येतात, कुत्री भांडतात. घरात गरोदर बाई असली तर मांजराच्या विष्ठेतून होणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या संसर्गाची काळजी घ्यावीच लागते. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीज मांजराकडूनही होतो आणि लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. म्हणून खाऊ घालणाऱ्याने जागा एकच ठेवावी, वेळ एकच ठेवावी, अर्ध्या तासाने भांडी उचलावी, जागा पुसावी, पाण्याचे मातीचे भांडे मात्र राहू द्यावे. वर्दळीच्या, मुलांच्या खेळण्याच्या जागी ताटली मांडू नये. केंद्र सरकारच्या २०२३च्या नियमांतही वसाहतींसाठी हाच विचार आहे: मुलाबाळांची, वृद्धांची ये-जा पाहून जागा व वेळ ठरवावी, घाण करू नये. शेजाऱ्याशी भांडून जिंकलेली जागा रात्रीतून विष पडण्याची जागा होऊ शकते. त्याची संमती घेऊन मिळवलेली जागा टिकते.

येथपर्यंत बहुतेक वाचक मान डोलावतील. पुढचे काहींना कठोर वाटेल.

नुसते खाऊ घालणे ही अर्धी दया आहे, आणि अर्धीच राहिली तर ती दुःख वाढवते. पोटभर खाणारी भाटी नीट माजावर येते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले सुटी होण्याआधीच पुन्हा गाभण राहू शकते. तिची पिल्ले पाच-सहा महिन्यांची झाली की तीही विण्याच्या वाटेवर. आपल्याला दिसतात ती गोजिरवाणी पिल्ले. नंतर त्यांचे काय झाले हे कोणी मोजत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात बेवारस मांजरांच्या १६९ पिल्लांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत त्यातली १२७ पिल्ले मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे चारातली तीन. कुत्र्यांनी आणि अपघातांनी गेलेली त्यात पुष्कळ. आपल्या बाजारात, ट्रॅक्टर आणि मोकाट कुत्र्यांच्या गर्दीत, चित्र याहून बरे असेल असे मानायला काही आधार नाही. दर वर्षी चार पिल्ले वाढवायची आणि तीन गटारीत सापडायची, याला आपण भूतदया म्हणत असू तर तो शब्द पुन्हा तपासून घ्यायला हवा.

म्हणून कच्च्या खर्ड्यावरचा माझा हिशेब असा: पैसा थोडा असेल तर पहिला रुपया शस्त्रक्रियेला, दुसरा घासाला. आणि शस्त्रक्रियांतही आधी भाट्यांना. एक बोका उरला तरी तो सगळ्या पेठेला पुरतो. पण एक भाटी कमी झाली की तिच्या पुढच्या सगळ्या पिल्लांचा प्रश्न तेथेच मिटतो. खासगी डॉक्टरकडे एका भाटीच्या शस्त्रक्रियेला काही हजार रुपये जातात, हे खरे. पण वर काढलेले १४,६०० समोर ठेवा. आठांची सोळा झाली की तेच २९,२०० होतात, आणि ते दर वर्षी. शस्त्रक्रियेचा खर्च जन्मात एकदा. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचे टोक भूल असतानाच किंचित छाटतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही.

यावर उत्तर येते, ‘पण समोर भुकेले उभे आहे, त्याला काय सांगू, आधी पैसे साठवते?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊन चालणार नाही. उत्तर एवढेच की घास थांबवू नका, त्याच घासाचा उपयोग करा. ठरल्या वेळी, ठरल्या जागी येणारे मांजरच पिंजऱ्यात येते. रोजच्या ताटलीशिवाय शस्त्रक्रिया होत नाही आणि शस्त्रक्रियेशिवाय ताटली पुरत नाही. चाळीसातले दहा रुपये बाजूला टाकले तर वर्षाला ३६५० होतात. चार घरांनी टाकले तर १४,६००. एका घराला न झेपणारे काम चार घरांनी होते.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. दुष्काळी तालुक्यात, जेथे १९७२ अजून आजीच्या बोलण्यात येतो, तेथे माणसांना सोडून मांजरांची काळजी कशाला? या आक्षेपाला मी हसणार नाही. पण याच जिल्ह्याने दुष्काळात जनावरांसाठी छावण्या चालवल्या; गाय-बैल कामाचे म्हणून कोणी विचारले नाही. मांजरही पोत्यांची राखण करत आले, फक्त त्याचे नाव कोणत्या वहीत चढले नाही. शिवाय मांजरांची संख्या आटोक्यात राहण्यात माणसाचाच फायदा आहे: घाण कमी, चावे कमी, आणि माळावरच्या व गावातल्या चिमण्या-होल्यांचा जीवही वाचतो.

तरीही एकट्या पेठेने हे निभणार नाही, हे रोमने दाखवले आहे. इटलीत १९९१च्या कायद्याने बेवारस मांजरांना मारण्यास बंदी आली. रोममध्ये पुढच्या दहा वर्षांत सुमारे आठ हजार मांजरांची शस्त्रक्रिया करून त्यांना आपापल्या जागी सोडले. मांजरे घटली, पण अपेक्षेइतकी नाही. कारण वस्त्यांत बाहेरून मांजरे येतच राहिली, आणि त्यात लोकांनी आणून सोडलेलीही होती. जेथे कोणी खाऊ घालतो तेथे लोक खुशाल पिल्ले आणून टाकतात. आपल्याकडे वेगळे काय होते? घरात मनी व्याली की पिल्ले पिशवीत भरायची आणि देवळामागे किंवा बाजारात सोडायची, ही रीत कोणत्या गावात नाही? सोडणारा म्हणतो, ‘तेथे कोणीतरी घालतंच खायला.’ ते कोणीतरी म्हणजे चाळीस रुपयांत आठ तोंडे भागवणारी तीच मावशी. स्वतःच्या दयेचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडण्याचा हा प्रकार. घरच्या मनीची शस्त्रक्रिया घरमालकाने करून घेतली तर बाजारातल्या अर्ध्या मांजरांचा प्रश्न बाजारात येणारच नाही.

आणि सरकारने काय करावे? २००१चे प्राणी प्रजनन नियंत्रणाचे नियम फक्त कुत्र्यांसाठी होते. २०२३मध्ये नवे नियम आले तेव्हा नावातला ‘कुत्री’ हा शब्द गेला. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी महापालिका-नगरपालिकांबरोबर पंचायतींवरही आहे. मुंबई महापालिकेने २०१९च्या सुमारास मांजरांच्या निर्बीजीकरणाला हात घातला. गावाच्या पातळीवर मात्र हा विषय निघाला की ग्रामसभेत हशा पिकतो. हसू द्यावे, पण मागणी ठेवावी. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचे हात गाई-म्हशी-शेळ्यांत गुंतलेले असतात, हे समजण्यासारखे आहे. म्हणून वर्षातून दोन दिवसांचे शिबिर मागावे. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर येथली पशुवैद्यक महाविद्यालये अशा शिबिरांना आपले शिक्षक आणि विद्यार्थी देऊ शकतील. पंचायतीने जागा, वीज आणि पाणी द्यावे. पिंजरे आणि मांजरांची यादी खाऊ घालणाऱ्यांनी.

यादीचे काम हलके समजू नये. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले, ते याच तालुक्यात. डॉक्टर कमी आणि पैसा कमी, म्हणून त्यांनी गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. घराघरांतली मुले आणि गरोदर बाया त्यांनी नोंदवल्या, आजार होण्याआधी तो थांबवण्यावर भर दिला. जगाने ते पाहिले, १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माणसांच्या आरोग्याची मांजरांशी तुलना करण्याचा हेतू नाही. पण थोड्या पैशात मोठे काम करायचे तर मोजणी आणि प्रतिबंध यांपासून सुरुवात करावी, आणि जे रोज दाराशी जातात त्यांच्याच हाती ते काम द्यावे, हा धडा तालुक्याला बाहेरून आणावा लागत नाही. बाजारात किती भाट्या, किती बोके, कोणाचा कान छाटलेला, कोण गाभण, हे खाऊ घालणारीला तोंडपाठ असते. तिला एक वही द्या.

आणि याच तालुक्यातल्या चौंडीला १७२५मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नाव आता जिल्ह्याला आहे. माल्कमने १८२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारतावरच्या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे: उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी मिळावे म्हणून माणसे नेमलेली, नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजले जाई, आणि शेतातून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांसाठी उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ठेवलेली. या नोंदीत करुणा तर आहेच, पण व्यवस्थाही आहे. पाखरांनी शेतकऱ्याचे दाणे खावेत आणि शेतकऱ्याने बोटे मोडावीत, असे त्यांनी होऊ दिले नाही. ज्याचे नुकसान होते त्याचा विचार करून, पैसे मोजून त्यांनी पाखरांचा वाटा बाजूला काढला.

बाजारातल्या मांजरांसाठी कोणी शेते विकत घ्यावीत, असे म्हणणे नाही. एक ठरलेली जागा, एक वही, चार घरांचे रोजचे दहा-दहा रुपये आणि वर्षाला दोन दिवसांचे शिबिर, एवढ्यात भागेल. पाच वर्षांनी पेठेत मांजरे कमी दिसतील, पण जी दिसतील ती धडधाकट असतील, आणि वाटी घेऊन जाणाऱ्या मावशीला शेजाऱ्याच्या दारावरून मान खाली घालून जावे लागणार नाही.